ध्यान, गोळ्या आणि शंभर वर्षांचं संशोधन

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. सकाळच्या चहात संपणार नाही, रात्री निवांत वाचा.

दोन वर्षांपूर्वी सोलापुरात एका मंगल कार्यालयात पाच दिवसांचं 'माइंडफुलनेस शिबिर' झालं. त्याची बातमी मीच लिहिली होती. आयोजकांचं पत्रक समोर ठेवलं आणि अर्ध्या तासात मोकळा झालो. 'नैराश्य, चिंता, निद्रानाश यांपासून कायमची मुक्ती, विज्ञानाने सिद्ध झालेली पद्धत' हे वाक्य मी जसंच्या तसं उचललं. कुठलं विज्ञान, कुणी सिद्ध केलं, कुणावर प्रयोग केला, यातलं काहीही विचारलं नाही. पानावर जागा होती, फोटो चांगला होता, बातमी लागली.

ती बातमी वाचून आमच्या ओळखीचा एक तरुण त्या शिबिराला गेला. पूर्व भागात यंत्रमागावर काम करतो. त्याला मूडचा आजार आहे, डॉक्टर ज्याला बायपोलर म्हणतात तो. काही वर्षं गोळ्या चालू होत्या आणि गाडी रुळावर होती. शिबिरात चौथ्या दिवशी व्यासपीठावरून सांगितलं गेलं की गोळ्या म्हणजे मनाची गुलामी, श्वास हेच औषध. यानं घरी येऊन डबी कपाटावर टाकली. तीन आठवड्यांनी मला चौकात भेटला तेव्हा डोळे लाल होते आणि बोलणं थांबत नव्हतं. "सर, गोळ्या बंद केलो की! झोप लागंना, भूक लागंना, पण लई भारी वाटायलंय बघा." मला तेव्हाही कळलं नाही. चार दिवसांनी त्याच्या भावानं आणि मी मिळून त्याला दवाखान्यात नेलं. ती रात्र मी इथं लिहिणार नाही.

आता तो बरा आहे, परत कामाला लागलाय. मध्यंतरी भेटला तेव्हा त्यानं विचारलं, "सर, मग ध्यान वाईट असतंय का?" मला उत्तर देता आलं नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं झाली आणि एका साध्या प्रश्नावर गप्प बसलो. म्हणून गेले काही महिने वाचत होतो. जे सापडलं ते असं की या विषयावरचं प्रयोगशाळेतलं काम आपल्याच महाराष्ट्रात, लोणावळ्यात, शंभर वर्षांपूर्वी सुरू झालंय. आणि तेव्हाचे लोक आमच्या त्या पत्रकापेक्षा कितीतरी जपून बोलत होते.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्या माणसाचं नाव. जन्म १८८३चा. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं. अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम केलेलं, राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात वाढलेले. बडोद्यात माणिकरावांकडे व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसरला माधवदास महाराजांकडे योग शिकले. इथवर कुठल्याही साधूच्या चरित्रात शोभेल अशीच गोष्ट आहे. पण गुरूनं शिकवलेल्या क्रियांनी शरीरात नेमकं काय होतं, हे या माणसाला बघायचं होतं. बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्याच्या पोटाचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. त्या काळात एक्स-रे यंत्र म्हणजे काय अप्रूप असेल याची कल्पना करा! नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. श्रद्धा आणि दाबमापक एकाच खोलीत.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं. अर्धा भाग प्रयोगांचा, आकडे आणि आलेखांसह, आणि अर्धा सामान्य वाचकासाठी. १९२७ मध्ये गांधीजींनी रक्तदाबाच्या तक्रारीसाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला, इतकं त्यांचं नाव झालं होतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट प्राणायामाची. तेव्हाही लोक म्हणायचे (आजही प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर म्हणतात) की प्राणायामानं शरीरात भरपूर ऑक्सिजन जातो म्हणून फायदा होतो. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि निष्कर्ष लिहिला, की प्राणायामाची किंमत जादा ऑक्सिजनमध्ये नाही. त्यांच्या मते त्याचा खरा परिणाम मज्जासंस्थेवर होतो. म्हणजे बघा, योगाचा प्रसार हेच ज्याचं आयुष्य, त्यानं योगाच्या बाजूचा सगळ्यात लोकप्रिय मुद्दा स्वतःच्या मासिकात खोडून काढला. कुणी मागितलं नव्हतं. आकडे तसे आले म्हणून लिहिलं.

यात एक गंमतही आहे. १९३०च्या दशकात के. टी. बेहानन नावाचे मूळचे केरळचे, अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारे संशोधक लोणावळ्याला आले. कुवलयानंदांकडे ते स्वतः प्राणायाम शिकले आणि स्वतःवरच मोजमापं केली. त्यांना उज्जायी करताना ऑक्सिजनचा वापर वाढलेला आढळला, जवळपास २४ टक्क्यांनी. म्हणजे गुरूपेक्षा वेगळा आकडा. तोही छापला गेला. त्यांचं पुस्तक १९३७ला आलं. त्यात आणखी एक निरीक्षण आहे, ज्याची आठवण कुठलाच शिबिरवाला करून देत नाही. प्राणायाम झाल्या झाल्या बेरजा करणं, रंगांची नावं सांगणं असल्या बौद्धिक चाचण्यांत त्यांचा वेग कमी झाला होता. मन शांत वाटत होतं, भावना स्थिर वाटत होत्या, हेही त्यांनी लिहिलं. पण डोकं त्या क्षणी तल्लख नव्हतं, मंद होतं, हेही लपवलं नाही. 'ध्यान करा, बुद्धी तेज करा' असल्या जाहिराती बघितल्या की मला बेहाननच आठवतात.

पुढे १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक यंत्रं घेऊन भारतभर योग्यांच्या मागे फिरले. हृदय थांबवतो म्हणणाऱ्यांना त्यांनी दिल्लीच्या डॉ. आनंद यांच्यासोबत तपासलं. नाडी हाताला लागेनाशी होत होती, पण हृदय थांबत नव्हतं. छातीतला दाब वाढवून रक्ताचा प्रवाह कमी केला जात होता. चमत्कार गेला, पण शरीरावरचा ताबा खरा निघाला. मला हे चमत्कारापेक्षा जास्त मोठं वाटतं, असो.

आता लोणावळ्याहून इगतपुरीला जाऊ. कारण 'माइंडफुलनेस' हा जो शब्द आपल्याकडे इंग्रजीतून परत आलाय, त्याची एक मोठी वाट तिथल्याच माणसाकडून जाते.

सत्यनारायण गोयंका. जन्म १९२४, मंडाले, ब्रह्मदेश. व्यापारी घराणं. त्यांना भयंकर मायग्रेन होता, इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशातल्या डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाले. शेवटी ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते आणि सोबत विपश्यना शिकवत. गोयंका म्हणाले, डोकेदुखीसाठी आलोय. ऊ बा खिन यांनी चक्क नकार दिला! शारीरिक दुखणं बरं करायला ही विद्या वापरणं म्हणजे तिची किंमत कमी करणं, असं त्यांचं म्हणणं. मन शुद्ध करायला यायचं असेल तर या. गोयंका १९५५ मध्ये पहिलं शिबिर बसले आणि पुढचं आयुष्यच बदललं.

जुलै १९६९ मध्ये मुंबईत, एका धर्मशाळेत, मोजक्या लोकांसाठी त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. १९८५ मध्ये तिथे विपश्यना विशोधन विन्यास आला. १९९४ला तिहार तुरुंगात हजारावर कैद्यांचं शिबिर झालं, किरण बेदी तेव्हा तिथे होत्या. त्या कैद्यांवर मानसोपचारतज्ज्ञांनी अभ्यासही केले. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागानं 'मित्र उपक्रम' म्हणून शाळेतल्या मुलांना आनापान, म्हणजे नुसतं श्वासाकडे लक्ष देणं, शिकवायला घेतलं. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक शिक्षकांनी त्याचं प्रशिक्षण घेतलंय, त्यांना हे वाचताना ओळखीचं वाटेल.

पण आता दुसरी वाट बघा. १९७०-७१च्या सुमारास बोधगयेला गोयंकांच्या शिबिरांत काही अमेरिकन तरुण बसले. त्यात शेरॉन साल्झबर्ग होत्या, जोसेफ गोल्डस्टीन होते. त्यांनी आणि जॅक कॉर्नफिल्ड यांनी मिळून १९७५-७६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बॅरी नावाच्या गावी ध्यानकेंद्र काढलं. १९७९च्या वसंतात त्या केंद्रात जॉन कबात-झिन नावाचा जीवशास्त्रज्ञ शिबिराला बसला होता. त्याच्या डोक्यात आलं, हे दवाखान्यात का नेऊ नये? जवळच्याच वूस्टर शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यानं आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. आज जगभर एमबीएसआर म्हणतात तो हाच. त्यात पायापासून डोक्यापर्यंत शरीर निरखत जाण्याचा जो 'बॉडी स्कॅन' आहे, तो इगतपुरीला जाऊन आलेल्या कुणालाही दाखवा, लगेच ओळखेल. सोबतीला थोडा हठयोग.

इथे एक आडवळण घेतो, सोलापूरकर म्हणून राहवत नाही. हे कॉर्नफिल्ड भारतात आणखी एका माणसापाशी बसले. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवलेले निसर्गदत्त महाराज. त्यांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक १९७३ला आलं आणि तिकडच्या ध्यानवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. या निसर्गदत्तांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज, १८८८ला जन्मलेले, कुठले? आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. त्यांचे गुरू उमदीचे भाऊसाहेब महाराज, आणि त्यांचेच दुसरे शिष्य गुरुदेव रानडे, ज्यांचं निंबाळ आपल्या विजयपूर गाडीच्या रस्त्यावर लागतं. लाखो विड्या वळणाऱ्या बायांच्या या गावाचा धागा मुंबईतल्या विडीच्या दुकानातून अमेरिकेतल्या ध्यानकेंद्रापर्यंत जातो. आणि गावाचं दैवत तर शिवयोगीच. सिद्धेश्वराच्या तळ्यात रोज संध्याकाळी पाय सोडून बसणाऱ्यांना ध्यान नवीन नाही. पण त्यांतल्या कुणी 'गोळ्या फेका' म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बरं, तर तिकडे दवाखान्यात ध्यान नेल्यावर काय निघालं? इथे नीट वाचा, कारण माझ्या त्या बातमीतलं 'विज्ञानाने सिद्ध' इथूनच आलं होतं.

कबात-झिन यांचा पहिला लेख १९८२चा, ५१ रुग्णांवरचा. सगळे जुनाट वेदनेचे रुग्ण, दुसऱ्या उपचारांनी न सुधारलेले. बऱ्याच जणांची वेदना कमी झाली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सुरुवात म्हणून ठीक.

खरं वजनदार काम २०००चं. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी माइंडफुलनेसला मानसोपचारातल्या कॉग्निटिव्ह थेरपीची जोड दिली आणि १४५ लोकांवर चाचणी घेतली. हे लोक नैराश्यातून त्या वेळी बरे झालेले होते, प्रश्न होता आजार उलटण्याचा. ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. ध्यानाच्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होतं. फरक मोठाच आहे. पण ज्यांना दोनदाच नैराश्य आलं होतं, त्यांना काही फायदा दिसला नाही. तोच उपाय, तोच आजार, तरीही एका गटाला उपयोगी आणि दुसऱ्याला नाही. हे वाक्य पत्रकावर कोण छापेल?

गोळ्यांचं काय? तीही चाचणी झाली. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये विलेम कायकेन आणि सहकाऱ्यांनी ४२४ रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांनी नैराश्याच्या गोळ्या चालू ठेवल्या. निम्म्यांनी ध्यानाचा आठ आठवड्यांचा वर्ग केला आणि गोळ्या हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीत कमी करत नेल्या. दोन वर्षांत ध्यानाच्या गटात ४४ टक्के लोकांचा आजार उलटला, गोळ्यांच्या गटात ४७ टक्के. संशोधकांना वाटत होतं ध्यान सरस ठरेल. ते सिद्ध झालं नाही, आणि लेखात तसं लिहिलं आहे. म्हणजे नैराश्य वारंवार येणाऱ्या काही लोकांसाठी हा गोळ्यांच्या जोडीचा पर्याय होऊ शकतो. ही छोटी गोष्ट नाही. गोळ्यांचे त्रास सोसणाऱ्यासाठी तर मुळीच नाही. पण 'हळूहळू' आणि 'देखरेखीत' हे दोन शब्द वाटेत कुठेतरी गळले, आणि मंगल कार्यालयात पोचेपर्यंत उरलं ते फक्त 'गोळ्या बंद'. शिवाय हे सगळं नैराश्याबद्दल. आमच्या दोस्ताचा आजार वेगळा. बायपोलरमध्ये औषध एकदम तोडलं तर आजार उसळण्याचा धोका वाढतो, आणि झोपमोड तर त्या आजाराला आमंत्रणच. त्या शिबिरात पहाटे चारला उठवत होते.

२०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजार लोकांचा एकत्र आढावा निघाला. चिंता आणि नैराश्य यांवर ध्यानाचा लहान ते मध्यम आकाराचा फायदा दिसतो, पण व्यायाम, औषध किंवा दुसऱ्या उपचारापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष. २०२२च्या एका अभ्यासात चिंतेच्या आजारात आठ आठवड्यांचा एमबीएसआर हा एस्सिटॅलोप्रॅम या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा ठरला, २७६ लोकांवर. ही चांगली बातमी. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या ८५ शाळांचा निकालही आला. ११ ते १४ वयाच्या आठ हजारांवर मुलांमध्ये शिक्षकांनी शिकवलेल्या माइंडफुलनेसचा नेहमीच्या वर्गांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आधीच त्रासात असलेल्या काही मुलांना तर किंचित उलटं गेलं. आपला 'मित्र उपक्रम' वेगळा आहे, पद्धत वेगळी, तेव्हा तो निकाल इकडे जसाच्या तसा चिकटवू नका. पण आपणही मुलांना आधी आणि नंतर मोजायला हवं, इतकं तर त्यातून शिकता येईल. लोणावळ्याच्या राज्यात मोजण्याचं वावडं कशाला?

आणि त्रासाचं म्हणाल तर, २०२०च्या एका आढाव्यात ८३ अभ्यास तपासले. ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याची नोंद निघाली. सगळ्यात जास्त चिंता आणि नैराश्य, म्हणजे ज्यासाठी लोक ध्यानाला येतात तेच. बोलून करायच्या मानसोपचारातही साधारण असंच प्रमाण असतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण जिथे काहीच त्रास होऊ शकत नाही असं सांगितलं जातं, तिथे त्रास झालेला माणूस बोलायचाच बंद होतो. आमचा दोस्तही त्या तीन आठवड्यांत शिबिरातल्या ग्रुपवर रोज 'छान वाटतंय' लिहीत होता.

आता परत इगतपुरी. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा अर्ज कधी बघितलाय? त्यात मानसिक आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत, हे विचारतात. नियमांत स्पष्ट लिहिलंय की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. गोयंकांच्या गुरूनं त्यांना दारातून परत पाठवलं होतं, तीच रीत कागदावर उतरलेली दिसते. त्या पद्धतीशी तुमचे-माझे मतभेद असू शकतात, माझे आहेत. दहा दिवस मौन सगळ्यांना झेपत नाही. पण निदान दारात विचारतात तरी. आमच्या मंगल कार्यालयात दारात फक्त पावती फाडत होते.

आणि लोक त्या दारात का जातात, तेही बघा. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता. आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. (त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे वेगळंच.) यंत्रमागावर दिवसपाळी-रातपाळी करणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे रांग लावणार की घराजवळच्या हॉलमध्ये जाणार, जिथे चहा मिळतो आणि कुणी नावानं हाक मारतं? त्याला मी दोष देणार नाही. पत्रकावर मान डोलावणाऱ्याला देईन, आणि त्यात पहिलं नाव माझं.

गेल्या आठवड्यात त्याला हे सगळं सांगितलं. कारखान्याच्या बाहेर, टपरीवर, माग बंद असताना. लोणावळ्याचा एक्स-रे, ऊ बा खिनचा नकार, ६६ आणि ३७. त्यानं शांतपणे ऐकलं. म्हणाला, "मी आता रात्री गोळी घेऊन धा मिनटं श्वास बघत बसतोय. डॉक्टरला विचारूनच बसलो. बरं वाटतंय." मग कप ठेवत म्हणाला, "पण सर, हे त्या बातमीत का लिहिला नाहीत?"

माझ्याकडे उत्तर होतं, ते वर पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. त्याला तोंडानं सांगायला वेळ लागला.

ता. क. : कुणाला गोळ्या कमी करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच आधी विचारा. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. आणि शहरात असलं शिबिर कुठे लागलं, तर त्याचं पत्रक मला पाठवा. या वेळी प्रश्न विचारून बातमी करीन.